हात थरथरतात म्हणजे कंपवातच का? इसेन्शियल ट्रेमरबद्दल एका सुनेला दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: सासरे ६८ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. सात-आठ वर्षांपासून दोन्ही हात थरथरतात, कप उचलताना जास्त. टीव्ही बघत बसलेले असताना मात्र हात शांत असतात. वर्षभरापासून मान "नाही नाही" म्हटल्यासारखी हलते. कंपवात, म्हणजे पार्किन्सन, असं सांगून लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण सहा महिन्यांत काडीचा फरक नाही. सही जुळली नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडून दिलंय. पतीचं वय ४१, त्यांना दमा आहे आणि अलीकडे त्यांचेही हात थोडे थरथरताना दिसतात. हा कंपवातच आहे का, ऑपरेशन करावं का, आणि हे वडिलांकडून मुलाकडे येतं का?

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणीही शेवटचा शब्द देऊ नये, मीही देणार नाही. पण इतकी वर्षं कंपाचे रुग्ण पाहिल्यावर तुमचं वर्णन वाचून माझ्या मनात पहिलं नाव येतं ते इसेन्शियल ट्रेमरचं, पार्किन्सनचं नाही. त्याचं कारण तुम्ही ओघात लिहून गेलेलं एक वाक्य आहे: टीव्ही बघताना हात शांत असतात.

हात थरथरतो का, यापेक्षा तो कधी थरथरतो हे आम्हाला आधी हवं असतं. पार्किन्सनचा कंप मुख्यतः विश्रांतीचा असतो. हात मांडीवर सैल पडलेला असताना किंवा चालताना अंगाशेजारी लोंबत असताना तो दिसतो, बहुधा एका बाजूला आधी सुरू होतो, आणि वस्तू घ्यायला हात पुढे केला की बराच कमी होतो. इसेन्शियल ट्रेमर याच्या उलट वागतो. मांडीवरचा हात शांत, पण कप तोंडाकडे निघाला, किल्ली कुलपात घालायची वेळ आली, सुईत दोरा ओवायचा झाला की कंप सुरू होतो आणि नेमक्या ठिकाणी पोहोचताना वाढतो. दोन्ही हातांत असतो, एखाद्यात थोडा जास्त. पुढे काहींची मान हलते, काहींचा आवाज कापरा होतो. पार्किन्सनमध्ये हनुवटी किंवा ओठ थरथरतात, मान सहसा हलत नाही. म्हणून तुमच्या सासऱ्यांच्या मानेबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. ते पाठ टेकून उशीवर पडले की मान थांबते का, एवढं घरीच बघून ठेवा. इसेन्शियल ट्रेमरमध्ये बहुतेकदा थांबते. आडवं पडूनही हलत राहिली, किंवा मान एका बाजूला ओढली जात असेल, तर डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळले जाण्याच्या वेगळ्या विकाराचा विचार करावा लागतो.

तपासताना मी काय करतो तेही सांगतो, म्हणजे पुढच्या डॉक्टरांकडे गेल्यावर काय चाललंय ते तुम्हाला कळेल. आधी हात मांडीवर सैल ठेवून शंभरातून सात-सात वजा करायला सांगतो. मन गणितात गुंतलं की लपलेला विश्रांतीचा कंप बाहेर येतो. मग हात समोर ताठ. इसेन्शियल ट्रेमरमध्ये कंप लगेच दिसतो. पार्किन्सनमध्ये काही सेकंद हात स्थिर राहतो आणि मग थरथर सुरू होते. त्यानंतर स्वतःच्या नाकाला आणि माझ्या बोटाला आळीपाळीने स्पर्श, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं, आणि एक लांब "सा" लावणं. सूर धरून ठेवताना आवाजातली लाट लगेच कानाला कळते. मग बोटं भराभर उघडमिट करायला लावून हालचाल मंद किंवा लहान होत जाते का ते बघतो. पार्किन्सनचं निदान या मंदपणावर उभं असतं, नुसत्या कंपावर नाही. चालायला लावतो: एका बाजूचा हात कमी हलतो का, वळताना पावलं अडखळतात का. वास येणं कमी झालंय का, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं होतं का, हे घरच्यांना विचारतो. पार्किन्सनमध्ये या गोष्टी कधीकधी कंपाच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेल्या असतात.

आणि लिहून घेतो. देवनागरी लिपी इथे आमच्या फार कामाला येते. इसेन्शियल ट्रेमरच्या माणसाची शिरोरेषा लाटांसारखी वरखाली जाते, पण अक्षरं मोठीच राहतात. पार्किन्सनमध्ये शिरोरेषा कदाचित सरळ असेल, पण ओळीच्या शेवटाकडे अक्षरं लहान लहान आणि दाट होत जातात. सोबत हात टेबलाला न टेकवता गोल गोल वाढत जाणारी चकली काढायला सांगतो. त्या कागदावर तारीख टाकून जपून ठेवावी. सहा महिन्यांनी औषधाचा उपयोग झाला की नाही, हे आठवणीपेक्षा तो कागद खरं सांगतो. सासरे मुख्याध्यापक होते, तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या हस्ताक्षरातलं काहीतरी घरात असेलच. तेही न्या.

या सगळ्याला कुठलंही यंत्र लागत नाही. इसेन्शियल ट्रेमर सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही, एमआरआय बहुधा वयाला साजेसा असतो. २०१८ मध्ये इंटरनॅशनल पार्किन्सन अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या तज्ज्ञांनी ठरवलेले निकषही तपासणीवरच आधारलेले आहेत: दोन्ही हातांत काम करतानाचा कंप, तो किमान तीन वर्षं असणं, आणि पार्किन्सन, डिस्टोनिया किंवा तोल जाण्याच्या विकाराची लक्षणं नसणं. मान किंवा आवाज यांचा कंप असला तर असो, नसला तरी चालतं. खरोखरच शंका उरली तर ट्रोडॅट स्कॅन नावाची तपासणी मोठ्या शहरांत होते. त्यात मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हालचालींसाठी लागणाऱ्या रसायनाच्या, तारांची स्थिती दिसते. पार्किन्सनमध्ये ती बिघडलेली असते, इसेन्शियल ट्रेमरमध्ये नाही. पण ती महाग आहे, आणि चांगली तपासणी झाली असेल तर बहुतेकांना लागत नाही.

लेव्होडोपाने सहा महिन्यांत काहीच फरक पडला नाही, हासुद्धा एक पुरावा आहे. तो पुरेसा नाही, कारण मात्रा कमी पडली असू शकते आणि पार्किन्सनमधलाही कंप कधी या औषधाला हटवादीपणे दाद देत नाही. इसेन्शियल ट्रेमरमध्ये मात्र त्याचा उपयोगच होत नाही. तरीही गोळ्या आज रात्रीपासून बंद असं करू नका. ज्यांनी दिल्या त्यांच्याशी किंवा नव्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलून कमी करत थांबवा. खाजकुयलीच्या बियांच्या चूर्णाबद्दलही हेच. गावाकडून हमखास कोणीतरी आणून देतं. त्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो, म्हणून पार्किन्सनशी त्याचा संबंध आहे. इसेन्शियल ट्रेमरला त्याचा फायदा नाही, आणि गोळ्यांबरोबर घेतलं तर मात्रा वाढून मळमळ आणि चक्कर येऊ शकते.

आता एका गोष्टीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे ती सगळ्यात जास्त निसटते. सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा. बीपी-शुगरच्या तर भराच, पण ॲसिडिटीची, चक्करेची, झोपेची, दम्याची औषधं आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेलीही. पित्ताच्या कॅप्सूलवर बारीक अक्षरांत रॅबेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड लिहिलंय का ते भिंग घेऊन बघा. हे औषध डोपामिनचा मार्ग अडवतं. वयस्क माणसाने ते महिनोन्महिने घेतलं तर हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र उभं राहतं: कंप, मंदपणा, चेहऱ्यावरचे भाव जाणं. चक्करेसाठी दिलेलं सिनारिझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड हेही तेच करू शकतात. ही औषधं गरजेपुरती चार दिवस घ्यायची असतात. चिठ्ठी जुनी होते आणि गोळी चालूच राहते. फिट्सच्या किंवा मनाच्या आजारासाठीचं सोडियम व्हॅल्प्रोएट, लिथियम, दम्याचं सालब्युटामॉल आणि थिओफायलिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या, थायरॉइडची जास्त झालेली मात्रा यांनी होणारा कंप हा काम करतानाचा असतो, म्हणजे दिसायला थेट इसेन्शियल ट्रेमरसारखा. औषधाने होणारा कंप औषध बदलल्यावर कमी होतो, पण त्याला कधी आठवडे, कधी महिने लागतात. नवं औषध लिहिण्याआधी ही पिशवी उघडली गेलीच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

रक्तात थायरॉइड, म्हणजे टीएसएच, प्रत्येकाचं बघावं. साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या सोबत होतात. चाळिशीच्या आतल्या माणसाला नव्याने कंप सुरू झाला, तर विल्सन हा तांबं साठण्याचा आजार आहे का हे तपासायचंच. तो दुर्मीळ आहे, पण वेळेत सापडला तर पुढचं मोठं नुकसान टळतं.

मग इसेन्शियल ट्रेमरमध्ये मेंदूत बिघडतं काय? लहान मेंदू, थॅलॅमस (मेंदूच्या खोल भागातलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) आणि मोठ्या मेंदूचा हालचाली चालवणारा भाग यांच्यात सतत संदेशांची ये-जा असते. हाताची हालचाल किती, कुठे थांबायचं, याची दुरुस्ती त्या वर्तुळात होते. या आजारात त्या वर्तुळात एक लय उठते आणि थांबत नाही. सभागृहात माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी घुमत राहते, तसं काहीसं. ही लय सेकंदाला ४ ते १२ वेळा असते. वय वाढतं तशी ती थोडी संथ होते, पण हाताचं हेलकावणं मोठं होतं, आणि म्हणून त्रास वाढल्यासारखा वाटतो. झोपेत कंप नसतो. थकवा, उपाशीपोटी राहणं, ताप, जागरण, कडक चहा-कॉफी आणि कोणीतरी आपल्याकडे बघतंय ही जाणीव, या सगळ्यांनी तो वाढतो. "घाबरतोस म्हणून हात कापतात" असं घरातलं माणूस म्हणतं तेव्हा ते क्रम उलटा लावत असतं. कंप आधी असतो, तो दिसेल याची धास्ती नंतर येते, आणि ती धास्ती कंपाला वाढवते. तुमच्या सासऱ्यांनी लग्नाला जाणं सोडलं त्यामागे हेच असावं. आणखी एक, जे ते कदाचित तुम्हाला सांगणार नाहीत: हात थरथरणाऱ्या पुरुषाकडे बघून लोक दारूचा संशय घेतात. आयुष्यभर शाळेत उभ्या राहिलेल्या माणसाला ती नजर फार लागते. घरात तुम्ही मोकळेपणाने आजाराचं नाव घेतलंत आणि पाहुण्यांना "बाबांना हाताचा कंप आहे, पेला अर्धाच भरा" असं सहज सांगितलंत, तर त्याचा उपयोग पहिल्या गोळीइतका होतो, असं मी कित्येक घरांत पाहिलंय.

दारूचं नाव आलं आहे तर तेही सांगतो. इसेन्शियल ट्रेमर असलेल्या अनेकांचा कंप थोड्या दारूने तासा-दोन तासांसाठी खरंच कमी होतो. निदानाच्या दृष्टीने आम्ही हे विचारतो. उपचार म्हणून मात्र अजिबात नाही. उतरल्यावर कंप पहिल्यापेक्षा वाढून येतो, मग पुन्हा घ्यावीशी वाटते, आणि बँकेत सही करायच्या आधी घोट घेणारी माणसं अशीच तयार होतात.

औषधाकडे येऊ. सगळ्यात आधी सासऱ्यांना शेजारी बसवून विचारा: कुठली तीन कामं परत करता यावीत असं वाटतं? सही, चहा, दाढी, मोबाइलवर नंबर लावणं, देवाला फूल वाहणं, जे असेल ते. कंप दिसतो पण एकही काम अडत नाही, असं असेल तर औषध नको, आणि तो निर्णय पूर्णपणे योग्य आहे. हा आजार जीव घेत नाही, सावकाश वाढतो, आणि औषधाने त्याची वाढ थांबत नाही. औषध कंप कमी करतं एवढंच. म्हणून हात पूर्ण स्थिर झाला का, असं विचारत राहिलात तर दर भेटीला निराश व्हाल. कप ओठांपर्यंत पोहोचला का, हे विचारा.

पहिलं औषध प्रोप्रानोलोल. हृदयाचा वेग कमी करणारं हे जुनं औषध, आणि कंपासाठी आजही सगळ्यात जास्त अनुभव याचाच आहे. वयस्क माणसात १० किंवा २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी सुरुवात करून, एक-दोन आठवड्यांनी नाडी आणि बीपी बघत वाढवतात. बऱ्याच जणांना दिवसाला ६० ते १२० मिलिग्रॅममध्ये गुण येतो, काहींना त्याहून बरंच जास्त लागतं. इथे एक गोष्ट वारंवार घडताना दिसते. २० मिलिग्रॅमवर महिनाभर ठेवलं जातं, फरक पडत नाही आणि "हे औषध लागू पडत नाही" असं ठरतं. ते औषध नीट वापरून बघितलेलंच नसतं. सुरू करण्याआधी ईसीजी काढावा. दमा असेल, नाडी मुळातच मंद असेल, हृदयात ब्लॉक म्हणजे विद्युतप्रवाहाचा अडथळा असेल, तर हे द्यायचं नाही. बीपीसाठी व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण दोन्ही मिळून नाडी धोकादायक मंद होऊ शकते. मधुमेही माणसाची, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्याची, साखर उतरली की छातीत धडधडतं आणि हात कापतात. या गोळीने ती सूचना झाकली जाते, पण घाम मात्र येतो. त्यामुळे अचानक घाम फुटला की आधी साखर तपासा. आणि ही गोळी एकाएकी बंद करू नका. हृदयाचा त्रास असलेल्यांना त्याने छातीत दुखू लागू शकतं. एखाद्याचा कंप फक्त प्रसंगापुरता अडचणीचा असेल, भाषण, वादन, मुलीचं कन्यादान, तर तासभर आधी एकच छोटी मात्रा घेण्याची पद्धतही आहे. पण ती डॉक्टरांशी ठरवून आणि आधी एकदा घरी घेऊन बघूनच.

दुसरं औषध प्रिमिडोन. मूळचं फिट्सचं. परिणाम प्रोप्रानोलोलच्या बरोबरीचा. याची अडचण पहिल्या रात्रीत आहे: काहींना पहिल्याच गोळीने इतकी गुंगी, मळमळ आणि डुगडुग येते की ते पुन्हा हात लावत नाहीत. म्हणून झोपताना जेमतेम २५ मिलिग्रॅमने सुरुवात करावी आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, की पहिले दोन-तीन दिवस रात्री उठताना धरून न्या. हा त्रास सहसा ओसरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे औषध त्यांचा परिणाम कमी करतं, ते विसरू नका. दोन्ही औषधं थोड्या थोड्या मात्रेत एकत्रही देता येतात. चांगला गुण आला तर कंप निम्म्याच्या आसपास कमी होतो. पण बऱ्याच रुग्णांना, म्हणजे तीनांतल्या एकाला किंवा त्याहून थोड्या जास्त जणांना, पुरेसा गुण येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. त्यानंतर टोपिरामेट येतं. त्याने वजन उतरतं, बोटांना मुंग्या येतात, मूतखड्याची प्रवृत्ती वाढते आणि शब्द पटकन आठवत नाहीत, त्यामुळे सत्तरीच्या जवळच्या माणसाला मी ते जपूनच देतो. क्लोनाझेपाम आपल्याकडे फार सहज लिहिलं जातं. त्याची सवय लागते, वयस्कांत तोल जाऊन पडण्याचा आणि विसरभोळेपणाचा धोका वाढतो. खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा थोडा थरथरता हात परवडला. मान आणि आवाजाच्या कंपाला गोळ्यांचा गुण कमीच येतो. तिथे बोटॉक्सची इंजेक्शनं उपयोगी पडतात, दर तीन-चार महिन्यांनी आणि अनुभवी हातानेच.

औषधांइतकंच महत्त्व रोजच्या क्लृप्त्यांना आहे. आपल्याकडे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे हाताने जेवणं. चमच्याने कंप लांब होऊन टोकाशी वाढतो, बोटांनी घास घेताना तितका नाही. बाहेर गेल्यावर लाजेखातर चमचा घेतात आणि आमटी सांडते. त्यांना भाकरी, पोळी, आमटीत कालवलेला घट्ट भात असंच वाढा. ताक, चहा अर्धा पेला, जड बुडाच्या स्टीलच्या पेल्यात किंवा झाकणाच्या मगमध्ये. कपबशी बंद. कोपर अंगाला चिकटवून किंवा टेबलावर टेकवून दोन्ही हातांनी धरलं की हेलकावा कमी होतो. गरम चहाला स्ट्रॉ लावू नका, तोंड पोळतं. गारसर पेयांना लावा. जाड, वजनदार पेन बघा. दाढीला इलेक्ट्रिक यंत्र. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप होतं, ते त्यांना एकदा शांतपणे शिकवा. मनगटाला छोटं वजन बांधून काहींना आराम पडतो, काहींना नुसता थकवा येतो. विकत घेण्याआधी घरीच करून बघा.

बँकेचं. शाखेत जाऊन हल्लीच्या सहीचा नवा नमुना नोंदवून घ्या, सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. ते काम सकाळी, औषध घेतल्यावर, गर्दी नसताना करा. सही अगदीच जमेनाशी झाली तर अंगठ्याचा मार्ग आहे. वृद्ध आणि आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे अंगठ्याचा ठसा चालतो, त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असतो. हे सांगूनही कोणी टाळाटाळ केली तर शाखाधिकाऱ्यांना लेखी द्या. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाणमध्ये चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे, सहीची गरजच नाही.

हा आजार फक्त म्हातारपणाचा नाही, विशीतही सुरू होतो. परीक्षेत लिहिता येत नाही म्हणून खचलेली मुलंही माझ्याकडे येतात. त्यांच्या पालकांना मी एक निकाल आवर्जून सांगतो: फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की लेखनिक देताना किमान ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार, होता. हा आधार घेऊन वेळेत, परीक्षेच्या बऱ्याच आधी अर्ज करावा.

ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलंत. माझं उत्तर: आत्ता नाही. दोन्ही मुख्य औषधं पुरेशा मात्रेत वापरून झाली, तरी जेवण, पाणी, सही अशी रोजची कामं अडताहेत, आणि प्रकृती साथ देतेय, तेव्हा तो विचार करायचा. तुमच्या सासऱ्यांचं यांतलं अजून एकही औषध झालेलं नाही. पण मार्ग आहेत हे त्यांना माहीत असावं, त्याने धीर येतो. डीप ब्रेन स्टिम्युलेशनमध्ये थॅलॅमसच्या व्हिम नावाच्या भागात बारीक तार बसवतात आणि छातीजवळ कातडीखाली बॅटरी. वर सांगितलेली लय तिथे अडवली जाते. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे बेनाबीद यांच्या चमूने १९८७ मध्ये ही पद्धत सुरू केली, अमेरिकेत १९९७ मध्ये कंपासाठी तिला मान्यता मिळाली. विद्युतप्रवाह कमी-जास्त करता येतो, दोन्ही बाजूंना करता येतं. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा थोडा धोका, बोलणं जड होणं आणि तोल जाणं ही त्याची किंमत. पैशांची किंमत अनेक लाखांत जाते, आणि पुढे बॅटरी बदलावी लागते. दुसरी पद्धत फोकस्ड अल्ट्रासाउंडची. डोक्याचे केस काढून, एमआरआयच्या आत झोपवून, कवटी न उघडता ध्वनिलहरी त्याच व्हिमवर एकवटतात आणि तो बिंदू तापवून निकामी करतात. रुग्ण जागा असतो आणि टेबलावरच चकली काढून दाखवतो. अमेरिकेत २०१६ मध्ये एका बाजूसाठी आणि २०२२ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दुसऱ्या बाजूसाठी याला मान्यता मिळाली. भारतातही काही केंद्रांत होतं. केलेला बदल मागे घेता येत नाही. काहींना ओठाला-बोटांना बधिरपणा आणि चालताना अस्थिरता येते, बहुतेकदा ती ओसरते, सगळ्यांची नाही. वर्षं जातात तसा काही जणांत कंप थोडा परत येतो. कवटीच्या हाडाची घनता अनुकूल नसेल तर ही पद्धत लागूच होत नाही. दोन्हींत निवड करताना "विनाचिरा" एवढ्यावर भाळू नका, आणि कंपाचे विकार नियमित पाहणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं मत घेतल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नका.

पुढे पार्किन्सन होईल का, ही भीती प्रत्येक घरात असते. इसेन्शियल ट्रेमर म्हणजे पार्किन्सनची पहिली पायरी नव्हे. दीर्घकाळ इसेन्शियल ट्रेमर असलेल्यांत पुढे पार्किन्सन होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त आढळलंय, पण बहुतेकांना ते कधीच होत नाही. म्हणून वर्षातून एकदा तपासून घ्यावं. एका बाजूला नव्याने जडपणा आला, पाय घासू लागला, अक्षर आक्रसलं तर वर्षभर थांबू नये. आणि कंप अगदी अचानक, काही तासांत किंवा दिवसांत सुरू झाला, सोबत तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा चालताना कोलमडणं असेल, तर हा विषयच वेगळा. तडक रुग्णालयात न्यावं.

आता तुमच्या पतीचं. इसेन्शियल ट्रेमर घराण्यात चालतो. साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांच्या घरी आणखी कोणाला तरी तो असतो, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्म्यापर्यंत असू शकते. एकच एक जनुक सापडलेलं नाही, त्यामुळे जनुकीय चाचणीवर पैसे घालवू नका. पण वडिलांना आहे म्हणून मुलालाही तोच, असं धरून चालायचं नाही. त्यांना दमा आहे. हात थरथरतात ते सालब्युटामॉलचा पंप मारल्यावर तासाभरात की एरवीही, हे आठवडाभर लक्ष ठेवून लिहा. टीएसएच करा. पंप वरचेवर लागत असेल तर दमाच नीट ताब्यात नाही असं समजून छातीच्या डॉक्टरांकडे जा. रोज घ्यायचं दुसरं औषध नीट सुरू झालं की पंप कमी लागतो आणि थरथरही बऱ्याचदा कमी होते.

एक मात्र आजच करा. उद्या सासऱ्यांना प्रोप्रानोलोल सुरू झालं आणि त्यांचा कप स्थिर दिसू लागला, की "बाबांची गोळी मीही एक घेऊन बघतो" असं घरात होतं. दम्याच्या माणसाला त्या एका गोळीने श्वासनळ्या आवळून जीवघेणा झटका येऊ शकतो. ती पट्टी तुमच्या पतीच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, आणि का, ते त्यांना स्पष्ट सांगा.